पिल्लू निघालं म्हणून बाद

पुसेगाव,
रविवार

ती. देविदासदादांस शिलाचा नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मंजुळावहिनींचा गुडघा? आणि औंढा तालुक्यातल्या समस्त म्हशींची तब्येत? (तुम्ही गुरांचे डॉक्टर, त्यांची चौकशी राहिली तर रागवाल.) हे सगळं फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘हं, हं’ करता आणि तेव्हा तुमचा एक हात म्हशीच्या पोटात असतो. म्हणून पत्र.

आमच्या शाळेतल्या आठवीच्या शबनमनं तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अंडी उबवायचं मशीन केलं. सिद्धेश्वर धरणावरून मासे ज्यात येतात तो थर्माकोलचा डबा, एक बल्ब, आत पाण्याची वाटी, आणि तिची आजी रहमतबी यांच्या कोंबडीची सहा अंडी. (कोंबडी खुडूक बसली होती. तिच्याखालून अंडी काढल्यापासून ती आणि रहमतबी, दोघीही माझ्याशी बोलत नाहीत.) वीज गेली की पोरगी तो डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची. आमच्या शाळेचं काहीही आजवर जिल्ह्यापर्यंत पोचलेलं नाही. तिला हिंगोलीला जायचंच होतं, आणि दादा, तिच्याइतकंच मलाही.

पण मध्ये उभे होते सुरक्षा समितीचे नेमसिंग सर. हातात नियमांचे कागद. पाण्याची वाटी काढा, द्रव पदार्थ चालत नाही. तापमापक काढा, त्यात पारा आहे. वायर उघडी आहे, ती झाका (हे मात्र बराबर होतं, लगेच चिकटपट्टी लावली). प्रत्येक टेबलाखाली वाळूची बादली पाहिजे, आणि टेबलाजवळ माती-वाळू आणायला सक्त मनाई, दोन्ही एकाच पानावर! शेजारच्या पोरांच्या ज्वालामुखीला धूर काढायची बंदी झाली होती, त्यामुळं ते बिचारे सकाळपासून एका टेकडीशेजारी उभे होते. शेवटी सर अंड्यांपाशी आले. “सजीव प्राणी जमत न्हाई, मॅडम.” मी म्हटलं, सर, ही अंडी आहेत. त्यांनी अंडी दोनदा मोजली आणि कागदावर लिहिलं, ‘निर्जीव वस्तू, नग सहा.’

ठरलेल्या तारखेला प्रदर्शन झालं असतं तर ती निर्जीवच राहिली असती. पण कुण्या साहेबांच्या दौऱ्यामुळं प्रदर्शन आठवडाभर पुढं गेलं होतं, आणि तसं परिपत्रक अंड्यांना कुणी धाडलं नव्हतं. परीक्षक टेबलाशी आले आणि नेमका तेव्हाच एक नग फुटला. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. शबनम तर रडायलाच लागली आनंदानं. नेमसिंग सरांनी कागद काढले. पिल्लू सजीव आहे, सजीवाला पशुवैद्यकाची परवानगी आणि देखरेख लागते, ती इथं नाही, सबब प्रकल्प बाद. अंडी उबवायचं मशीन, दादा, अंडं उबलं म्हणून बाद! काहीच निघालं नसतं तर पहिला नंबर होता, असं परीक्षक स्वतः मला म्हणाले. माझं डोकं असं फिरलं की मी तिथंच भांडायला उभी राहिले. तासाभरानं तडजोड निघाली. मशीन जिल्ह्याला जाईल, पण तिथं एकही पिल्लू निघता कामा नये. (उरलेले पाच नग परतीच्या जीपमध्ये फुटले, पाचही पिल्लं ठणठणीत. ड्रायव्हर अजून टरफलं झाडतोय.)

बाकी सगळं ठीक. लेकरांना आशीर्वाद.

तुमची धाकटी आणि सध्या रक्तदाब वाढलेली,
शिला

ता. क. : खरं काम राहिलंच. तुमच्या ओळखीच्या पोल्ट्रीतून, जिथं कोंबडा नावालाही नाही, तिथली सहा अंडी पाठवा. कितीही ऊब दिली तरी काही निघणार नाही, अशी पाहिजेत.

ता. क. दुसरा : अंडी पाठवू नका. हे पत्र पेटीत टाकायला शबनमकडं दिलं होतं, पाकीट उघडं होतं, तिनं वाचलं. अर्ध्या वाटेवरून परत आली. म्हणाली, “मॅडम, मशीन तर खरं हाय. मंग अंडी खोटी काहून ठिवायची?” दादा, वीस वर्षं विज्ञान शिकवतेय, आणि तरी वरची मागणी मीच लिहिली! तेव्हा परवानगीचा कागद आणि शिक्का घेऊन तुम्हीच हिंगोलीला या आणि टेबलाशी उभे राहा. पोरीनं आजीकडून नवी अंडी आणून मशीनमध्ये ठेवलीसुद्धा, आणि तारीख अशी धरली आहे की ती प्रदर्शनाच्या दिवशीच फुटतील.