सात तलवारवाल्या

सिंदेवाही,
१४ सप्टेंबर २००७

प्रिय तहसीनभाऊ,

सलाम आणि जयभीम. अम्मींचे गुडघे कसे आहेत? इकडे आईची तब्येत बरी आहे, म्हणजे दिवसभर मला बोलत राहता येईल इतकी बरी आहे. तुझा निरोप पोचला. माझी चित्रांची पानं आली नाहीत म्हणून नववा अंक अडला आहे आणि छापणारे शेठ तुझ्यावर ओरडतात, हे समजलं. कारण सांगतो, पण ते एका ओळीत बसत नाही.

तू सीताबर्डीच्या रद्दीतून ती जपानी चित्रकथांची पुस्तकं आणलीस (उलटीकडून वाचायची, आपण पहिलं पुस्तक सुलट वाचलं आणि सगळे मेलेलेच आधी पाहिले) आणि त्यावरून आपली ‘सात तलवारवाल्या’ रचलीस. एक वीरेन, त्याची मंतरलेली तलवार, आणि त्याच्यावर फिदा असलेल्या सात तलवारबाज पोरी. लढाई संपली की कोणीतरी घसरून त्याच्या अंगावर पडते. सातहीजणींचे चेहरे वेगळे पाहिजेत, एवढं लिहून तू मोकळा झालास. मी भिंतीवर जाहिराती रंगवणारा माणूस. मला बाईचा एकच चेहरा येतो, साबणवाल्या बाईचा. म्हणून मी शाळेच्या मैदानावर जाऊन बसलो, जिथे पोलीस भरतीसाठी पोरी धावायच्या. (वही घेऊन तिथे बसलेल्या बिनलग्नाच्या माणसाकडे गाव कसं पाहतं, ते लिहीत नाही.) एक दिवस त्यांतल्या केसरबाईच्या कांतानं वही हिसकून घेतली आणि पानं उलटून पाहिली.

“हा पोरगा करते काय?” तिनं विचारलं.

“तलवार चालवते.”

“नोकरी?”

“नाई.”

“मंग सातजणी काऊन याच्या मागं?”

याचं उत्तर तूही मला अजून दिलेलं नाहीस. शेवटी पोरी आपले चेहरे काढू द्यायला तयार झाल्या, पण अटी घालून. अंगभर कपडे, आणि कोणी कोणाच्या अंगावर पडणार नाही. म्हणून तुझ्या वीरांगना चिलखताखाली ट्रॅकसूट घालतात आणि घसरल्या तरी हवेतच तिरप्या राहतात. एकटी श्रावणभाऊची रिना हसून म्हणाली, “मी पडतो ना भाऊ, मले काय होते.” म्हणून प्रत्येक अंकात वीरेनच्या गळ्यात तीच दिसते.

पुढे कांता आणि रिना दोघी भरती झाल्या आणि गडचिरोलीच्या पुढे, जंगलातल्या एकाच ठाण्यावर गेल्या. तिथे फोन लागत नाही. केसरबाई (धानाच्या रोवणीला जाते, तू पाहिलं असशील तिला) अंक निघाला की माझ्या दुकानात यायची. वाचता येत नाही. तुझी चंद्रिका म्हणजे तिची कांता, एवढं तिला माहीत. “खोटं हाय हे समजते मले,” ती म्हणायची, “पण माई पोरगी दिसते ना.” एकदा तिनं विचारलं, “इतकी लढून राह्यली, जेवली काय थे?” सहाव्या अंकात राक्षस चहूकडून येत असताना चंद्रिका भाताचं ताट घेऊन का बसली आहे, असं शेठनी विचारलं होतं. ते त्यामुळे.

मग गेल्या महिन्यात तुझी नवव्या अंकाची कथा आली. चंद्रिका वीरेनला वाचवताना मरते, पूर्ण पानभर चित्र. त्याच आठवड्यात तिकडच्या रस्त्यावर सुरुंगानं पोलिसांची गाडी उडाली. नावं कोणी सांगेना. केसरबाई सकाळीच दुकानात आली आणि रंगाच्या डब्यावर बसली. बातमीचं काही विचारलं नाही.

“नवीन पुस्तक आलं काय?”

“नाई आलं.”

“त्याच्यात हाय ना थे?”

तुझा कागद माझ्या हाताखालीच होता. “हाय,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नावं आली. कांता मागच्या गाडीत होती, वाचली. रिना पुढच्या गाडीत होती. केसरबाईला मीच सांगितलं. ती आधी हसली. मग तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, “चाल माह्यासंगं श्रावणभाऊकडे. माह्याच्यानं एकटं जाणं होत नाई.”

सगळं सरकारी इतमामानं झालं. साहेबलोकांनी टोपीतला मोठा फोटो दिला. श्रावणभाऊंनी तो पाहिला आणि ते म्हणाले, “हे माई रिना नाई. हे कोणावर तरी चिडून हाय. तुह्या पुस्तकातली हासते, थे दे.” पुस्तकातली रिना हसते खरी, पण प्रत्येक चित्रात वीरेनला मिठी मारून. मी प्लायवूडवर तिला मोठी काढली आणि वीरेनला वगळलं. चित्र घेऊन गेलो तेव्हा श्रावणभाऊ तिच्या हातांकडे पाहत राहिले. हात गोल, आणि मधे काही नाही.

“हातात कायतरी दे बापा. रिकामे हात बरे नाई दिसत.”

“तलवार देऊ?”

“तलवार नको.”

आतून रिनाची आई म्हणाली, “शेळीचं पिल्लू दे. तिनं पाळलं होतं.”

तर आता श्रावणभाऊच्या घरी, हाराखाली, तू वीरेनसाठी लिहिलेल्या नजरेनं रिना एका पिल्लाकडे पाहते आहे. पिल्लू मला नीट जमलं नाही, चेहरा साबणवाल्या बाईकडे गेला. भेटायला आलेली माणसं रडता रडता थबकतात, पुन्हा पाहतात, आणि मग जास्तच रडतात. त्यानंतर ब्रश हातात धरवेना. पानं उशिरा होण्याचं कारण हे. शेठना यातलं पटेल तेवढं सांग. अम्मींना सलाम.

तुझा,
राजदीप

ता. क. : उशिराचं कारण सांगायला म्हणून लिहिलं, पण खरं मागणं वेगळं आहे. चंद्रिकेला मारू नको. ते पान तू फार चांगलं लिहिलं आहेस, मला माहीत आहे. पण अंक निघाला की केसरबाई येणार, आणि पानं मला उलटून दाखवावी लागणार.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करणार तोच कांता आली. आजारपणाच्या सुट्टीवर आहे. एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून आपण मोठ्यानं बोलायचं आणि ती त्याहून मोठ्यानं बोलते. वरचा ता. क. तिनं वाचला, तुझी कथाही वाचली. म्हणाली, “मरते तर मरू दे तिले. लोकं मरतेत. पण याच्यासाठी काऊन? सातजणी याले वाचवून वाचवून थकल्या. एकदा यानं मरून पाहावं.” म्हणून चार दिवस पाकीट तसंच ठेवून ब्रश हातात घेतला, आणि वीरेनला मी मारला आहे, पानभर. पानं सोबत आहेत. मालिकेच्या नावात तो नव्हताच, त्यामुळे नाव बदलावं लागणार नाही, हे शेठना सांग. त्याच्या शेवटच्या शब्दांसाठी फुगा काढला आहे, तो लहान आहे. फार बोलू देऊ नको त्याला. आणि जमलं तर महिनाअखेरीच्या आत छापा. तेव्हा कांताची सुट्टी संपते, आणि त्याला मेलेला पाहूनच ती ठाण्यावर परत जाणार म्हणते.