तेरेरेमुळे रद्द झालेल्या पेपराबाबत

प्रति,
मा. संचालक, परीक्षा विभाग,
सान ओनोफ्रे परिचर्या महाविद्यालय,
काआसापा, पाराग्वाय.

विषय : मूत्रसंस्थेचा ऑनलाइन पेपर रद्द केल्याबाबत फेरविचार होणेबाबत.
संदर्भ : परीक्षा ॲपचा अहवाल, शेरा 'अनोळखी हाताकडून वारंवार मदत'.

महोदय,

अग्नी आणि चाक यांच्यानंतर मानवजातीने लावलेला सर्वांत थोर शोध म्हणजे आपले परीक्षा ॲप होय, असे आपण उद्घाटनाच्या भाषणात म्हणालात. आमच्या घरी हा शोध फक्त आंब्याखाली चालतो. इतरत्र रेंज नाही.

१. दुपारी घरचे लोक तेरेरे प्यायला त्याच आंब्याखाली बसतात. येर्बाच्या पाल्यावर गार पाणी ओतून देणारी माझी आजी, ब्रिखिदा. परीक्षेपुरते दुसरीकडे बसण्याची विनंती केली असता ती म्हणाली, "सावली माझी, खुर्ची माझी. तुझ्या त्या डबड्यालाच सांग की उठायला!"

२. पेपर सुरू होताच सदर 'अनोळखी हात' पुढे आला. त्यात पेला होता, उत्तरे नव्हती. आजी तिसरीपर्यंत शिकली आहे. मी प्यायले, पेला परत दिला. तो सगळ्यांत फिरून पुन्हा आला. पुरे झाले की 'ग्रासियास' म्हणून आभार मानायचे, आणि गप्प राहणाऱ्याला पेला मिळतच राहतो, हे आपणांस सांगायला नको. ॲपला मात्र कोणी सांगितलेले दिसत नाही. नियम सातनुसार परीक्षेत शब्द उच्चारल्यास पेपर बाद. सबब मी पीत राहिले. मानेने नको म्हटले, तर ॲपने 'इकडेतिकडे पाहू नका' अशी ताकीद दिली आणि आजी म्हणाली, "मानेला काय झालं गं? ऊन लागलं वाटतं. घे, आणखी पी."

३. नियम आठनुसार कॅमेऱ्यासमोरून उठता येत नाही. मूत्रसंस्थेवरील शेवटचे प्रश्न मी ज्या अवस्थेत सोडवले, ती अवस्था अभ्यासक्रमात समाविष्ट आहे.

४. ऑनलाइन शिक्षणाविषयी आपण विद्यार्थ्यांची मते मागवली होती. 'समाधानी आहे' यावर खूण केल्याशिवाय ॲप पुढे सरकत नाही, त्यामुळे आम्ही सर्वच समाधानी आहोत. धडे खरोखर आवडतात. समजले नाही तर व्हिडिओतल्या बाईंना मागे नेऊन पुन्हा बोलायला लावता येते, आणि त्या रागावत नाहीत. भीती वाटते ती कॅमेऱ्याची. माझा वर्गमित्र देर्लिस म्हणतो, "तुझं बरंय, तुझा हात तरी खरा होता. माझ्याकडे दोरीवरची चादर हलली, तर म्हणे मागे कोण उभंय!"

५. हा पेपर बाद राहिला तर मार्चमध्ये इस्पितळात प्रशिक्षणाची जागा मिळणार नाही आणि माझे शिक्षण इथेच थांबेल. आजी हल्ली गोठ्यामागे उन्हात एकटी बसते. "माझ्यापायी पोरीचं वाटोळं झालं," असे शेजारणींना सांगते. मी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखे करते.

तरी पेपर पुन्हा घ्यावा, ही विनंती. महाविद्यालयात, कागदावर घेतल्यास पहिल्या बसने येईन. ते अशक्य असल्यास आंब्याखालीच घ्यावा. फक्त नियम सातमधून मला एका शब्दाची सूट द्यावी. हळू आवाजात म्हणेन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
नीमिया रोलोन
परिचर्या, तृतीय वर्ष
मु. मासिएल, दि. १९ नोव्हेंबर