पहिला कप लव्हिनियाबाईंचा

थॉर्नकोव्ह,
मंगळवार, भरतीच्या वेळी

आदरणीय लव्हिनियाबाई यांस,

आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, इथेच माझं पेन अडलं बघा. मागल्या खेपेस, त्या पुस्तकात, तुम्ही मालकीण आणि मी तुमच्या घरची स्वयंपाकीण. या खेपेस तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान. तेव्हा दोन्ही पाठवते. हवं ते ठेवून घ्या, उरेल ते मांजरीला द्या. तुमचा गुडघा काय म्हणतो? लोकरीचं दुकान बरं चाललंय ना? तुम्ही नाताळात पाठवलेले मोजे अजून पायात आहेत (म्हणजे धुते मधूनमधून, तसं काही समजू नका). माझं विचाराल तर दात गेले पण भूक राहिली, असा कारभार आहे. सकाळी दोन खारवलेले मासे, दुपारी मटण-पॅटिस आणि संध्याकाळी जे दिसेल ते.

अक्षर वाकडं दिसेल, ते गोड मानून घ्या. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ग्रंथालयातल्या बुधवारच्या वर्गात गिरवायला लागले, त्याला आता दोन वर्षं झाली. तोवर मी अंगठेबहाद्दर. दोष माझा नाही. आपल्या लेखकाने मला शाळेतच घातलं नाही, मी तरी काय करणार? नावसुद्धा दिलं नाही मेल्याने, नुसती 'स्वयंपाकीण'. सगळ्या पुस्तकात मिळून दोन वाक्यं. एक, 'सूप तयार आहे, बाईसाहेब', आणि दुसरं, 'अरे देवा!' (हे तुम्ही गालिच्यावर पडलात तेव्हाचं.) आणि लिहून दिलेली असेल तेवढीच शिदोरी घेऊन आपण जन्माला येतो. या जन्मी आईने डॉर्कस नाव ठेवलं, शाळेतही घातलं, पण फळ्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी पळायची आणि मी त्यांच्या आधी घराकडे पळायची.

तुम्ही तिकडे उत्तरेला एकट्या पडलात. इथे मात्र गल्लीला तीन अशी आपली माणसं आहेत. पुस्तकाची शेवटची प्रत रद्दीत गेली की आतली माणसं एकेक करून, कुणी लवकर कुणी कित्येक वर्षांनी, जन्माला येतात हे तुम्हाला मी काय सांगावं, पण जन्मल्यावर सगळी समुद्राच्या हवेला का धावतात ते देव जाणे. (गाजलेल्या पुस्तकांतली बिचारी अजून आतच अडकलीत. त्यांची दया येते. पुन्हा पुन्हा तेच लग्न, तेच मरण.) आमचा खाटीक मागे गलबताचा कप्तान होता, शेवटच्या पानावर बुडाला. आता भर उन्हाळ्यातसुद्धा किनाऱ्यावर फिरकत नाही, आंघोळही तांब्याने करतो. बस चालवणारी ऑक्टेव्हिया पूर्वी नायिका होती आणि सतरा वेळा बेशुद्ध पडली होती. बसमध्ये चढताना आम्ही सगळे आधी तिच्या चेहऱ्याचा रंग बघतो. आणि आम्हा पुस्तकातून आलेल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष रॅगसाहेब! ते होते गुप्त पोलीस. चाळीस वर्षांत त्यांना एक खून मिळालेला नाही. मग काही झालं की सगळ्यांना सभागृहात बोलावतात, शेगडीला पाठ लावून उभे राहतात आणि पाऊण तास बोलून मग गुन्हेगाराकडे बोट दाखवतात. गेल्या महिन्यात लिंबाचा केक कुणी खाल्ला त्याचा तपास झाला. त्यांनीच खाल्ला होता. स्वतःकडे बोट दाखवताना काय आनंद झाला होता त्यांना!

पण मी लिहायला बसले ते वेगळंच. माझी नात टॅम्सिन, तिचं जमलं! मुलगा समुद्रावर जीवरक्षक आहे, कॉलिन नाव. शिट्टी, लाल चड्डी आणि मन असं की लोण्याला लाजवेल. फक्त एक खोड आहे. जे बुडत नाहीत त्यांनाही वाचवतो. या उन्हाळ्यात अकरा जणांना ओढून काढलं, त्यातले नऊ पोहत होते. दहावी मी. घोटाभर पाण्यात उभी राहून शिंपले वेचत होते, तर हा आला, मला खांद्यावर टाकलं आणि वाळूवर आणून आडवं केलं. वर विचारतो, "आजी, श्वास घेता येतोय का?" म्हटलं, "येतोय की! पण माझी टोपली पाण्यात गेली, आता तिला वाचव." तर खरंच गेला. टोपली घेऊन आला आणि तिच्यातलंही पाणी काढत बसला. टॅम्सिन तिथेच आइसक्रीम विकत होती, ती हसून हसून खाली बसली. तिथून सुरुवात.

मग गेल्या महिन्यात त्याला घरी चहाला बोलावलं. माझे हात भरलेले, म्हणून म्हटलं, "बाळा, तेवढा चहा ओत रे." तर पोरगा चुन्यासारखा पांढरा.

"आजी, मी कुणाला चहा ओतून देत नाही."

"का रे, हातात काय झालंय? मला उचलताना तर मोठे दोन हात होते!"

टॅम्सिन म्हणाली, "आजी, त्याला छळू नकोस ना."

तर तो खाली मान घालून म्हणाला, "मी मागल्या खेपेस माझ्या आत्याला चहातून विष दिलं. निळ्या दिवाणखान्यात."

लव्हिनियाबाई, माझ्या हातातली बशी सुटली. म्हटलं, "निळ्या दिवाणखान्यात? जिथे घड्याळ नेहमी दहा मिनिटं मागे असायचं?" म्हणाला, "हो!" म्हटलं, "आणि हिरव्या पडद्यामागे खिडकी लागत नसायची?" म्हणाला, "हो! पण तुम्ही कोण?" मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "सूप तयार आहे, बाईसाहेब!"

अहो, काय सांगू! आपला लुशियन! तुमचा भाचा! पन्नास वर्षांत आपल्या पुस्तकातलं तुमच्याशिवाय कुणी भेटलं नव्हतं मला. मी त्याला कवटाळून रडले, तो मला कवटाळून रडला आणि टॅम्सिनने निमूटपणे चहा ओतला. मिशी गेलीय त्याची. त्या काळ्या मिशीवरूनच तर लेखकाने त्याला खुनी ठरवला असं मला कायम वाटत आलंय. एरवी त्या पोराने मागल्या खेपेस काय केलं होतं? दिवसभर तुमच्या ग्रंथालयात बसायचा. पुस्तकांना कसर लागली म्हणून औषधवाल्याकडून स्वतः पूड आणली आणि निळा डबा माझ्या हातात देऊन म्हणाला, "हा कुठे तरी उंचावर ठेवा." किती काळजी! पुढे त्याच पुडीवरून तो अडकला. औषधवाल्याच्या वहीत त्याचं नाव, चहा ओतला त्याने, आणि शेवटी लेखकाने त्याच्या तोंडी दीड पानाचा कबुलीजबाब घातला. फाशी. तो कबुलीजबाब त्याला अजून तोंडपाठ आहे, पण प्रत्यक्ष पूड कपात कधी टाकली ते मात्र आठवत नाही. म्हणतो, "आजी, एवढं सविस्तर कबूल केलंय म्हणजे केलंच असणार."

आता घोळ कुठे आहे तो सांगते. आमच्या मंडळाची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. लग्नाआधी नवऱ्या मुलाने किंवा मुलीने पुस्तकात ज्याचं वाईट केलं असेल त्याला सभागृहात बोलवायचं, आपल्या हाताने पहिला कप ओतून द्यायचा आणि त्याने तो तळापर्यंत प्यायचा. मागचं पान मिटलं. त्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. बहुतेकांचं सोपं असतं. ऑक्टेव्हियाच्या नवऱ्याने तिचं पत्र चोरलं होतं, दोन घोटांत मिटलं. पण इथे विषच चहातलं! गेल्या शनिवारी रंगीत तालीम ठेवली. तुमच्या जागी खाटीक बसला (तुमचा रुबाब काही त्याला जमेना, उगाच करंगळी वर करत होता). कॉलिनने किटली उचलली, कप भरला आणि घाबरून आधी स्वतःच प्यायला. दुसरा भरला, तोही स्वतः. असे नऊ कप. किटली रिकामी, खाटीक तहानलेला आणि कॉलिन परसाकडे धावलेला. रॅगसाहेब शेगडीपाशी उभं राहून म्हणाले, "सर्वांनी जागेवर बसून राहावं." कुणी उठलंच नव्हतं.

पण हसू तिथेच संपलं. संध्याकाळी त्याने टॅम्सिनला अंगठी परत दिली. म्हणाला, "ज्या बाईला मी मारलं तिच्यापुढे कप धरायला माझा हात धजणार नाही, आणि माझ्या हातचा चहा तुलाही जन्मभर मिळणार नाही. अशा माणसाशी कशाला लग्न करतेस?" पोरीने खूप समजावलं. म्हणाली, "मी कॉफी पिईन, गाढवा!" तर ऐकेना. एक तारखेला समुद्र नसलेल्या कुठल्याशा गावी पोहण्याच्या तलावावर नोकरी धरून जाणार म्हणतो. टॅम्सिन दिवसभर आइसक्रीम विकते, गिऱ्हाइकांना हसून दाखवते आणि घरी येऊन माझ्या ओट्याशी गप्प बसते. ही पोरगी झोपेतसुद्धा बडबडायची हो. तिचं गप्प बसणं मला पाहवत नाही.

असो. म्हातारीची बडबड फार झाली. हवा छान आहे, बांगडे स्वस्त झालेत, तुमची आठवण सगळे काढतात (म्हणजे मी आणि कॉलिन). तुमच्याविषयी मनात किती आदर आहे ते मी आजवर बोलले नाही, कारण दोन वाक्यांत बसलं नाही. आपल्या पुस्तकात माझं कौतुक एकदाच झालं. त्या दिवशी तुम्ही माझ्या शहाजिऱ्याच्या केकचे दोन तुकडे घेतलेत आणि 'आज फार हलका झालाय' म्हणालात. बाकी कुणी तोंड लावलं नाही, लेखकाने त्यांना भूकच दिली नव्हती. त्या एका वाक्यावर मी दोन जन्म काढले.

तुमची (दोन्ही जन्मांची)
डॉर्कस

ता. क. तुम्ही या शनिवारी सभागृहात याच. ऑक्टेव्हियाची बस स्टेशनवर उभी असेल. पुढे बसू नका.

ता. क. दुसरा. कॉलिनला नुसतं सभागृहात बोलावलंय, तुम्ही येताय हे सांगितलेलं नाही, नाहीतर तो आजच पळेल.

ता. क. तिसरा. आता जे लिहिते त्यासाठीच कागद घेतला होता, बाकी सगळं हात मोकळा व्हावा म्हणून. गेल्या हिवाळ्यात वर्गात बाईंनी बागेतल्या गोगलगाई मारायच्या औषधाचा डबा आणला आणि म्हणाल्या, "डॉर्कस, यावर काय लिहिलंय ते वाच बरं." मी एकेक अक्षर लावलं. विष. आणि लव्हिनियाबाई, ती अक्षरं मी आधी पाहिलेली होती. मागल्या खेपेस ती मला नुसती नक्षी वाटली होती, पण ध्यानात राहिली होती, निळ्या डब्यावरची. लुशियनने 'उंचावर ठेवा' म्हटल्यावर मी तो उंचावर ठेवला, केक फुगवायच्या पुडीच्या निळ्या डब्याशेजारी. केकच्या दिवशी घाईत हात वर केला आणि हाताला लागला तो काढला. चहात काहीच नव्हतं. सगळं केकमध्ये होतं. लेखकाला कळलं नाही, त्याने त्या पानावर मला स्वयंपाकघरात पाठवून दिलं होतं आणि मग माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. तुम्ही माझ्या हातून गेलात आणि फासावर तो पोरगा चढला. हिवाळ्यापासून सांगायचं म्हणते, पण एवढं लिहायला शिकायला मला वेळ लागला. कॉलिनला आधी सांगितलं असतं तर त्याने मलाच वाचवायला म्हणून पुन्हा कबुलीजबाब म्हटला असता. तोंडपाठ आहे मेल्याला.

ता. क. चौथा. तेव्हा शनिवारी रीतीप्रमाणे किटली मी उचलणार, पहिला कप तुम्हाला मी ओतणार. प्यायचा की तोंडावर फेकायचा, ते तुमच्या हाती. पण त्याआधी हा तिसरा ता. क. सभागृहात मोठ्याने वाचून दाखवा, कॉलिन दाराजवळ बसलेला असताना. मी फार हळू वाचते, तोवर तो निघून जाईल. रॅगसाहेबांना शेगडीपाशी उभं राहू द्या. चाळीस वर्षं थांबलेत बिचारे.

ता. क. शेवटचा. केकही मीच करणार आहे, शहाजिऱ्याचाच. काळजी करू नका. आता मला वाचता येतं.