तोंड दक्षिणेला, गाडी उत्तरेला

आदरणीय थोरले मेहुणे तिलकसेन यांस गंपोल्याहून सोमपालचा दोन्ही हात जोडून नमस्कार. नव्या वर्षाच्या शुभेच्छा. विड्याची पानं घेऊन कुरुनेगलला पाया पडायला यायला हवं होतं, पण का आलो नाही ते पुढे येईलच. सासूबाईंना आणि वहिनींना नमस्कार. वहिनींनी पाठवलेले सणाचे गोड वडे, कवुम, पोचले. तळणीला तेल फार मुरलंय, पण चव चांगली आहे (हे त्यांना अर्धंच सांगा).

आता गाडीविषयी. सासऱ्यांच्या दोन मॉरिसपैकी एक आपण स्वतःकडे ठेवलीत आणि दुसरी लग्नात मला दिलीत. दोन्ही सारख्याच, असं तेव्हा आपण म्हणाला होता, आणि मी तरुण होतो. गेल्या वर्षी यात्रेहून आलो तेव्हापासून माझ्या गाडीचा स्टार्टर रुसलाय. किल्ली फिरवली की इंजिनाला गदागदा हलवून उठवणारी ती मोटर नुसतं टक् म्हणते आणि गप्प बसते. (तुमची बहीणही हल्ली माझ्याशी एवढंच बोलते.) बॅटरी बदलली, तारा बदलल्या, भिक्खूंकडून पाणी शिंपडून घेतलं. शेवटी गाडी उतारावरच उभी करायची आणि गडगडत सुरू करायची, असा नेम ठेवला. त्यामुळे आमचा स्नेह आता फक्त चढावर घरं असणाऱ्यांशी उरलाय. सपाटीवरच्यांकडे जायचं तर इंजिन चालूच ठेवावं लागतं. मागे एका मयताच्या घरी ते दारात इतका वेळ धडधडत राहिलं, की प्रेत न्यायला हीच गाडी आलीय असं समजून चौघांनी तिच्यावर फुलं वाहिली. मी मधे पडलो नाही, लोक दुःखात होते.

या सगळ्याला इंद्राणी कंटाळली. नव्या वर्षात पहिल्यांदा कामाला निघायच्या, पंचांगातल्या मुहूर्ताला गाडी दारातून किल्लीने सुरू झाली नाही, तर भंगारवाला येऊन घेऊन जाईल, असं तिने जाहीर केलं. ती असं सहज बोलत नाही, हे आपण लहानपणापासून जाणता. चहाच्या कारखान्यात हेडक्लार्क पुष्कळ आहेत हो, पण स्वतःच्या मॉरिसमधून उतरणारा हेडक्लार्क मी एकटाच आहे.

म्हणून गुणदास मिस्त्रीला बोलावलं. त्याने मोटर काढून उघडली. आतले कार्बन घासून चपटे झाले होते आणि दाते म्हाताऱ्याच्या बत्तिशीसारखे. नवी टाकायला हवी म्हणाला, पण सणामुळे दुकानं बंद. मी मोटरकडे जरा निरखून बघू लागलो, तर त्याला एकदम गावाकडची बस आठवली. तीच मोटर घाईघाईने परत बसवून गेला. बरं, परत कधी येणार? तर तोही पंचांग मानणारा माणूस, कामाला निघायच्या मुहूर्तावरच घरून निघणार. म्हणजे ज्या क्षणी माझी गाडी सुरू व्हायला हवी, त्या क्षणापर्यंत अख्ख्या लंकेत एकही मिस्त्री पान्याला हात लावणार नव्हता.

त्यात पंचांगाप्रमाणे यंदा निघायचं दक्षिणेकडे तोंड करून, आणि आमच्या गल्लीचा उतार उत्तरेला. गल्लीतल्या तरण्या मंडळींना वहिनींचे कवुम चारून (संपले एकदाचे) गाडी आदल्या दिवशी चढाकडे तोंड करून वळवून घेतली. मोटरला मुसळाने हळूच ठोकलं की ती उठते, असा शोध लागला होता. तालमीत दोनदा उठलीही.

मुहूर्ताला गावभर फटाके वाजले. यंदाच्या शुभ रंगाचे, निळे कपडे घातलेलं प्रत्येक घर एकदम बाहेर पडलं. आम्ही निळे होऊन गाडीत बसलो, किल्ली फिरवली. टक्. उतरून मुसळ मारलं. टक्. धक्का द्या म्हणून शेजाऱ्यांना हाक मारावी, तर त्यांचाही तोच मुहूर्त. सगळे हात जोडून, मान न वळवता दक्षिणेला चालते झाले. पियदास गुरुजींनी तर माझ्याकडे बघायला नको म्हणून डोळेच मिटले आणि गटारात पाय घातला.

मग मी डोकं चालवलं. रिव्हर्स गिअर टाकला आणि ब्रेक सोडला. गाडी उलटी घरंगळली, क्लच सोडला, इंजिन पेटलं. पंचांगात तोंड दक्षिणेला लिहिलंय, चाकांचं काही लिहिलेलं नाही, असं मी इंद्राणीला समजावत होतो. ती समोर बघत शांतपणे म्हणाली, “तोंड दक्षिणेला आणि अख्खं घर उत्तरेला. तुमच्याशी लग्न केल्यापासून हेच चाललंय.” एवढ्यात आम्ही गुरुजींच्या केळीच्या बागेत पोचलो. त्यातली एक केळ वाचली. भंगारवाल्याला वैशाखी पौर्णिमेनंतरचा दिवस दिलाय. आपला मान राखून इथेच थांबतो.

आपला,
सोमपाल

ता. क. खरं काम राहिलंच. माझ्या मोटरवर मी स्वतः तांबडा पट्टा ओढला होता. गुणदासने काढली तिच्यावर पट्टा नव्हता. गेल्या खेपेला आपल्या मॉरिसचं बॉनेट उघडं होतं, तेव्हा आत तांबडा पट्टा दिसला होता. योगायोग वाटला होता, आता वाटत नाही. पौर्णिमेच्या आत माझी मोटर गुपचूप बसने पाठवून द्या. इंद्राणीला बोलणार नाही. तिच्या लेखी आपण संत आहात, राहा बापडे.

दादा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, यावरून काय ते ओळख. पत्र तसंच पाठवतेय, तुझी करमणूक होईल. मोटर अजिबात पाठवू नकोस. हे यात्रेला गेले असताना गुणदासकडून मीच तुझ्या झिजलेल्या मोटरशी बदलून घेतली आणि यांची तुझ्याकडे धाडली, हे यांना सांगायचं नाही. यांची गाडी अडली तर कारखान्याला उशीर होतो, एवढंच. आईला डायलिसिसला, रक्त धुवायला दर आठवड्याला इस्पितळात न्यायचं असतं, तिला नेणारी तुझी गाडी अडून चालायची नाही. भंगारवाला वगैरे कुणी नाही, यांनी नवी मोटर घ्यावी म्हणून धाक घातलाय. आई गाडीत बसली की पहिल्या किल्लीला सुरू होते ना अजून? तेवढं मात्र लगेच कळव.
इंद्राणी