पवनचक्कीची लाल कड

बाबा, आज दिवसभर उभं राहून पाय भरून आलेत, तरी लिहायला बसलोय. इथे परदेशात, पेनरोज भागातल्या कारखान्यात मी खोक्यांवरची छपाई तपासतो, म्हणजे फिरून तुमच्याच धंद्यात आलो. तुम्ही असतात तर हसला असतात.

आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरची ती पवनचक्की. हॉलंडमधली संध्याकाळ, कालवा, ढगांमागे चंद्र. ज्या चित्रकाराने पुढे सगळं सोडून नुसत्या रेषा आणि चौकोन काढले, त्याचं हे उमेदीच्या काळातलं चित्र. छापखान्यात ते कॅलेंडरवर छापताना लाल रंगाची प्लेट केसभर सरकली, तुमच्या लक्षात आलं नाही आणि मालकाने सगळ्यांसमोर तुमची खरडपट्टी काढली. दुसऱ्या कोणीही तो कागद फाडून टाकला असता. तुम्ही त्यातलाच एक घरी आणलात आणि फ्रेम करून, सकाळी चहा पिताना समोर दिसेल असा गॅसच्या वर लावलात. पात्यांना बाहेरून लाल कड आलेली. लहानपणी एकदा मी म्हणतो, "याला धड रंगवताही येत नाही." तुम्ही कप खाली ठेवता. "त्याला नावं ठेवू नकोस. ती लाल कड माझी आहे." आई पाठमोरी हसते. मला मात्र तुमचा रागच आला होता; स्वतःची फजिती कोणी भिंतीवर टांगतं का?

तुमच्यामागे ती फ्रेम मी इथे आणून घरात लावली. गेल्या महिन्यात इथल्या गॅलरीत ते मूळ चित्र आलं. लेक मला ओढूनच घेऊन गेली. सुट्टीच्या दिवशी मला खरं तर नुसतं पडून राहायचं असतं. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिलो. सगळे रंग जागच्या जागी होते आणि मला ते परकं वाटत होतं. लेक म्हणाली, "डॅड, इट्स नाइस, पण अवर वन इज हीप्स बेटर. यात आजोबांची रेड लाइन नाहीये." तिने तुम्हाला कधी पाहिलंही नाही, बाबा.

आता तिला क्राइस्टचर्चला नोकरी लागलीय, तिथेच रिकार्टन भागात खोली घेतलीय. तिने एकच वस्तू मागितली. "कॅन आय टेक आजोबांचं पिक्चर? माझी रूम सो एम्प्टी आहे." मी लगेच हो म्हणालो. कोणाही बापाला आनंदच व्हावा असं मागणं. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. मग ती निघायच्या आदल्या दिवशी मी भिंतीवरून चित्र उतरवलं, आणि ती कामावरून आल्यावर सांगितलं की काच तडकली, फ्रेमवाल्याकडे दिलंय. "स्वीट अॅज, डॅड, नो वरीज, नेक्स्ट टाइम," म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

काच तडकलेली नाही. चित्र माझ्या कपाटात, स्वेटरांच्या मागे आहे. तिचा फोन आला की मी हवापाण्याचं बोलत राहतो.