घाम नव्हे, तेल

गोर्ना रेका,
४ मार्च

ती. स्पासदादास, वेलिकाचा सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये जाऊन बसलंय, असं वहिनी म्हणाली. म्हणून फोनवर घसा फोडण्यापेक्षा लिहिते. इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी आणि माझी कोंबडी, सुखरूप आहोत. खरं तर गेल्या गुरुवारी सुखरूप राहिलो हेच नवल.

वरच्या वाडीतल्या त्सोनाआजीला मी माझ्या गाडीतून इस्पितळात नेत होते. चर्चच्या पुढच्या वळणावर गाडीचा मागचा भाग उसळला आणि सरळ दरीच्या बाजूला सरकला. कडा वीतभर उरला होता. आजीचं डोकं टपाला आपटलं. मरायला ती भीत नाही म्हणाली, पण माझ्याबरोबर मेली तर वरपर्यंत माझी बडबड ऐकावी लागेल, एवढीच तिला धास्ती.

खाली वाकून बघितलं तर मागचा डावा शॉकॲब्सॉर्बर तेलानं ओला, वर धुळीचा थर. गाडीला चौदा महिने झालेत, वॉरंटी तीन वर्षांची. दुसऱ्याच दिवशी शहरात कंपनीच्या वर्कशॉपला गेले. तिथले प्रमुख दोयचिनोव्ह म्हणून आहेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे. न वाकताच त्यांनी निदान केलं. ही गळती नाही, भागाला नुसता घाम आलाय. आणि तुमच्या डोंगरातल्या रस्त्यांवर गाडी अशी पिटाळली तर वॉरंटी लागू होत नाही. वर विचारतात, घरात बोलायला कोणी पुरुषमाणूस आहे का? मी म्हटलं, कोंबडा आहे, पण तो तुमच्यापेक्षा लवकर चिडतो.

अर्ध्या किमतीत बदलून देतो म्हणाले. मी नाही म्हटलं आणि निघून आले. सात वाड्यांना नर्स मी एकटी, आणि तेवीस म्हातारी माणसं. कोणाचं इन्सुलिन, कोणाच्या जखमेची पट्टी. सध्या बैलगाडीच्या वेगानं जाते. मी काय करू ते सांग. तू जन्मभर बसगाड्यांच्या पोटाखाली झोपलायस.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी वेलिका


दुनावेत्स,
१५ मार्च

चि. वेलिकास, दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या वहिनीनं दोन मेणबत्त्या लावल्या, एक तुझ्यासाठी आणि एक त्या कोंबड्यासाठी. मी मात्र रात्रभर कूस बदलत होतो. त्या गाडीत बसू नकोस, एवढंच आधी.

दुसरं, मोठा भाऊ म्हणून सांगतो, तो म्हणतोय ती अर्धी किंमत भर आणि मोकळी हो. भांडत बसू नकोस. एकतीस वर्षं डेपोत काढली, ही माणसं मला ठाऊक आहेत. रस्ता खराब, चालवणारा खराब, हे त्यांचं वाक्य मला पाठ आहे. त्या वाक्यापुढे कोणी जिंकत नाही. नाहीतर मी येतो, एका दुपारी दोन्ही शॉकअप बसवून देतो.

तू ऐकणार नाहीस हेही जाणून आहे. जन्मताना दाईनं तुझे पाय आधी धरले असणार. तेव्हापासून तू उलटीच. तेव्हा निदान नीट भांड. घाम म्हणजे वरच्या अंगाला पातळ ओल. गळती म्हणजे तेल ओघळून खालपर्यंत येणं. फडक्यानं कोरडं पुस, हळू का होईना पन्नास किलोमीटर चालव, पुन्हा बघ. परत ओघळ आला तर तो घाम नव्हे. गाडीचा कोपरा दाबून सोड. एकदाच वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअप मेला. सगळं साक्षीदारांसमोर कर, तारीख घाल, फोटो काढ. गाडी धुऊ नकोस. आणि बदलतील तेव्हा जोडीनं बदलायला लाव, एकच बदलला तर गाडी लंगडते.

नदीला यंदा पाणी चांगलं आहे, मासे मात्र माझ्या गळाला ओळखतात. गुडघा सोडला तर प्रकृती बरी.

काळजी करणारा,
स्पास


गोर्ना रेका,
९ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा पहिला अर्धा भाग ऐकला नाही, दुसरा शब्दन्‌शब्द ऐकला.

पोस्टमन मित्को आणि पावाच्या गाडीवाला वेल्को, दोघांना बोलावून शॉकअप पुसला. हळूहळू वाड्या फिरून पन्नास किलोमीटर पुरे केले आणि त्यांच्यासमोर पुन्हा वाकून पाहिलं. तेल खालच्या नटापर्यंत आलेलं. कोपरा दाबला तर गाडी लग्नात नाचल्यासारखी डोलली. हे दोघं रोज त्याच रस्त्यानं, माझ्या गाडीच्या दुप्पट वयाच्या गाड्या हाकतात आणि त्यांचे शॉकअप कोरडे ठणठणीत. दोघांनी तसं लिहून सही दिली.

ते सगळं घेऊन मी शहरात गेले. दोयचिनोव्ह साहेब कामात होते, म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसले. दुसऱ्या दिवशीही कामात होते. मी घरच्या चीजच्या पदरी बानित्साचा डबा आणि विणकाम नेलं होतं, त्यामुळे मला घाई नव्हती. तिथल्या पोरींनी बानित्सा खाल्ला आणि हळूच सांगितलं, साहेब मागच्या दारानं ये-जा करतात.

तिसऱ्या दिवशी शेजारी एक बाई येऊन बसल्या. पेनेवा बाई, शाळेत गाणं शिकवतात. गाडी माझ्यासारखीच आणि रडगाणंही तेच, मागचा शॉकअप गळतो. त्यांनी गाडी शहराबाहेर कधी नेलेलीच नाही. त्यांना सांगण्यात आलं होतं, तुम्ही फुटपाथवर चाक चढवता म्हणून. दादा, आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि उठलो. मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिलो.

साहेब आले. मी कागद पुढे केले आणि म्हटलं, "माझा रस्ता दगडाचा, ह्यांचा डांबराचा. मग दोन्ही गाड्यांचं तेल सारखंच कसं गळलं, एवढं सांगा."

त्यांनी कागद दोनदा वाचले, मग माझी गाडी जॅकवर घेऊन पहिल्यांदाच खाली वाकले. शर्टाला डाग पडला. दोन्ही मागचे शॉकअप फुकट बदलून देतो म्हणाले, पेनेवा बाईंचेही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सहीसाठी कागद आला त्यात लिहिलेलं, ग्राहकाच्या समाधानासाठी, केवळ सद्भावनेनं. मी सही केली नाही. त्यांनी विचारलं, फुकट मिळतंय, मग शब्दाशी काय भांडण? मी सांगितलं, हे लिहिलं तर दोष माझ्या रस्त्याचाच राहतो, आणि उद्या माझ्यामागून कोणी आला तर त्याच्या गाडीलाही पुन्हा घामच आलेला असतो. खरं कारण लिहा. ते नाही म्हणाले. मी गाडी तिथंच सोडली आणि बसनं घरी आले.

चार दिवस पिशवी पाठीला लावून वाड्या चढले. वेल्को पावांमध्ये जागा करून जमेल तिथवर सोडायचा. पायाला फोड आले, पण एकाचंही इन्सुलिन चुकलं नाही. चौथ्या संध्याकाळी पायरीवर बसून मी रडले, हे फक्त तुला सांगते. वाटलं, सही करून टाकावी.

पाचव्या दिवशी वर्कशॉपमधून फोन आला. पेनेवा बाईंनीही सही नाकारल्यावर साहेब नमले होते. नवा कागद तयार होता: भागात मूळचा दोष, वॉरंटीखाली जोडी बदलली. मी तीनदा वाचला आणि सही केली. पेनेवा बाईंनाही तसाच मिळाला. आता गाडी वळणावर रुळावर असल्यासारखी बसते.

पण दादा, एक विचारायचं राहिलं. ते वाक्य तुला पाठ आहे असं तू लिहिलंस. कुणाकडून पाठ झालं?

वहिनीला नमस्कार. आहे तसाच जीव लावत राहा.

वेलिका


दुनावेत्स,
२८ एप्रिल

चि. वेलिकास, आशीर्वाद.

तुझ्या शेवटच्या प्रश्नामुळे उत्तराला उशीर झाला. ते वाक्य कुणाकडून पाठ झालं नाही. मीच लिहिलेलं आहे.

तुला कामेन आठवत नसेल, आमच्याकडचा ड्रायव्हर. बावीस वर्षांपूर्वी त्याची बस नदीकाठच्या वळणावर शेतात उतरली. कोणी दगावलं नाही, दोघांचे हात मोडले. त्या बसचे मागचे शॉकअप गळत होते. मला माहीत होतं, आठवडाभर आधी मीच पाहिले होते. डेपोचे साहेब म्हणाले, सुटे भाग नाहीत, सोड गाडी. मी सोडली. चौकशीच्या कागदावर लिहिलं, रस्ता खराब, वेग जास्त, म्हणजे चालवणारा खराब. खाली सही केली. कामेनचं लायसन्स गेलं. पुढे तो बाजारात पोती उचलायचा. समोर दिसला की मी रस्ता ओलांडायचो. तुला अर्धी किंमत भर म्हटलं ते काळजीपोटीच, पण सगळं काळजीपोटी नव्हतं. तू जिंकलीस तर मलाही जिंकता आलं असतं, असा त्याचा अर्थ होणार होता.

तू एका शब्दासाठी चार दिवस डोंगर चढलीस, हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. यंत्र कानात घालून गेलो, तो काय म्हणेल ते नीट ऐकू यावं म्हणून. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. त्यानं दार लावून घेतलं.

काल सकाळी तो आमच्याकडे आला. तुझ्या वहिनीनं कॉफी ठेवली, त्यानं कपाला हात लावला नाही. माफी माग म्हणाला नाही, माफ केलं असंही म्हणाला नाही. खिशातून कोरा कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "लिही. तारीख घाल."

मी लिहिलं. सही केली. त्यानं तिथंच बसून वाचलं, घडी घातली आणि आपल्या मुलाला दाखवायला घेऊन गेला.

तुझा,
स्पास