दिल्लीपर्यंत टिकणारा बर्फ

रविवार, संध्याकाळ. वेसावा.

निलेश आज दिल्लीला गेला, नव्या नोकरीवर. विमानाला सव्वादोन तास लागतात म्हणाला, तेव्हाच ठरवलं, पोराबरोबर पापलेट द्यायचे. आम्हा मासळीवाल्यांचं लांब-जवळ बर्फावर ठरतं. सव्वादोन तासांत बर्फाला काय होतंय!

विमानतळाच्या दारात त्याने थर्माकोलचा खोका पाहिला. "आई, पाणी गळतंय. हे आत कोणी घेणार नाही."

"तुलाच न्यायचा नाहीये, सरळ सांग ना. लाज वाटते मासळीची?"

"तसं नाही गं..."

मी ऐकलंच नाही. कशाला एवढी भांडले? बर्फ दाबून भरलाय, झाकणाला पट्टी मारलीय, हेच बडबडत राहिले. मग त्याची वेळ झाली, आणि तो बॅगा ढकलत धावतच आत गेला. त्याच्या तोंडावरून हात फिरवायचा राहिला.

खोका मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले. साडी भिजली.

आत्ता त्याचा फोन आला. "उतरलो गं. जेवलीस का?" मी नुसतं हो म्हटलं.

फोन ठेवून खोका उघडला. बर्फ अजून होता. म्हणजे माझा हिशेब बरोबर होता.

आग लागो त्या हिशेबाला.